नावावर काही न ठेवणारी संस्था

विनोबा आश्रम, कूत्तूर, जिल्हा नागपट्टिणम, तमिळनाडू. ‘लाफ्टी’ या संस्थेचा हा पत्ता. रायगडातल्या गागोद्यात जन्मलेल्या आणि पवनारला धाम नदीकाठी देह ठेवलेल्या माणसाचं नाव कावेरीच्या पार शेवटच्या टोकाला, जिथे मराठी कानावर पडणं कठीण, अशा खेड्याच्या पाकिटांवर लिहिलं जातं. या संस्थेचा इतिहास लिहून द्या, असं स्मरणिकेच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा सोबत नेहमीचा नमुनाही पाठवला होता : स्थापना, नोंदणी, पदाधिकाऱ्यांची यादी, ठळक टप्पे, पुरस्कार. असे नमुने मी पुष्कळ भरून दिले आहेत. हा भरेना. इथल्या बिनपगारी पदाधिकाऱ्यांनी काय केलं हे सांगायचं तर आधी तिथल्या जमिनीच्या कागदावर कुणाकुणाची नावं होती ते सांगावं लागतं. आणि तिथून सुरुवात केली की गोष्ट आपल्याच माणसांपर्यंत मागे जाते.

जिल्हा आज नागपट्टिणम असला तरी हा सगळा मुलूख जुना तंजावर जिल्हा. १९९१मध्ये नागपट्टिणम वेगळा काढला, १९९७मध्ये तिरुवारूर, २०२०मध्ये मयिलाडुतुरै. कालव्यांचं गणित मात्र अजून जुन्याच जिल्ह्याचं आहे. तिरुच्चीजवळ मुक्कोंबूला कावेरीतून कोळ्ळिडम फुटते. थोडं खाली कल्लणै हे चोळकाळापासून चालत आलेलं दगडी धरण. तिथून कावेरी, वेण्णार अशा शाखा होतात, त्यांच्या पुन्हा वेट्टार, अरसलार, कुडमुरुट्टी, आणि समुद्र जवळ येईपर्यंत नदी कुठली आणि पाट कुठला हे नवख्याला सांगता येत नाही. १९३४मध्ये मेट्टूरचं धरण झालं. १२ जूनला त्याचे दरवाजे उघडायचे असा प्रघात आहे, कारण कुरुवै हंगामाचं भात त्या पाण्यावर. वाटेतली सगळी शेतं पिऊन उरलेलं पाणी ज्या गावांना मिळतं त्यांना तमिळमध्ये ‘कडैमडै’ म्हणतात. आपल्याकडे ‘टेलचा शेतकरी’ म्हणतात तेच. कूत्तूर, कीळवेण्मणी, वेदारण्यम हा पट्टा टेलचा. नदीचं पाणी सगळ्यात शेवटी, पुराचं सगळ्यात जास्त, आणि पलीकडे समुद्र.

तंजावर म्हटलं की मराठी वाचकाला सरस्वती महालातल्या पोथ्या आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख आठवतो. शेताचे कागद आठवत नाहीत. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या अखेरच्या पंचविशीत तंजावर घेतलं, आणि १८५५पर्यंत भोसल्यांची गादी तिथे होती. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०२मध्ये ओरत्तनाडला मुक्ताम्बाळच्या नावानं छत्र उभारलं. वाटसरूंना जेवण, मुलांना शिक्षण. अशा छत्रांच्या खर्चासाठी जमिनी तोडून दिलेल्या असत. देवळांना आणि मठांना त्याच्याही कितीतरी आधीपासून होत्या. उरलेल्यावर मिरासदार, हा शब्द तमिळनंही तसाच ठेवून घेतला. म्हणजे जमीन देवाच्या नावावर, मठाच्या नावावर, राजानं जोडलेल्या पुण्याच्या नावावर, मिरासदाराच्या नावावर. चिखलात उतरून रोप लावणाऱ्याचं नाव कुठेच नाही. त्याला ‘पण्णैयाळ’ म्हणत. आपला सालगडी त्याच्या जवळचा, पण सालगड्याचं साल निदान पाडव्याला संपतं. याचं संपत नसे. चुकला तर चाबूक आणि शेण कालवलेलं पाणी पाजणं, या शिक्षा मजुरांनी १९४०च्या दशकात कम्युनिस्टांच्या पुढाकारानं लढून बंद पाडल्या. १९५२मध्ये कुळांना आणि पण्णैयाळांना संरक्षण देणारा कायदा झाला. १९६१मध्ये कमाल जमीनधारणा ३० प्रमाण एकरांवर आणली, १९७०मध्ये १५वर. दोन्ही वेळा पुष्कळशी जमीन भावाभाच्यांच्या आणि न्यासांच्या नावावर सरकली, नांगर धरणाऱ्यापर्यंत पोचली नाही.

२५ डिसेंबर १९६८च्या रात्री कीळवेण्मणीत ४४ दलितांना एका झोपडीत कोंडून जाळण्यात आलं. बहुतेक बायका आणि मुलं होती. तंटा मजुरीचा, मापात थोडं जास्त भात द्या इतक्याच मागणीचा. खालच्या कोर्टानं दिलेली शिक्षा १९७३मध्ये मद्रास उच्च न्यायालयात टिकली नाही. या घटनेची बातमी ऐकून जे नवरा-बायको तंजावरच्या गावांत आले आणि तिथेच राहिले, त्यांनी पुढे लाफ्टी काढली.

शंकरलिंगम जगन्नाथन रामनाथपुरमकडच्या खात्यापित्या घरातले. १९३०च्या चळवळीत कॉलेज सोडलं, १९४२मध्ये तुरुंगात गेले. कृष्णम्माळ यांचा जन्म १६ जून १९२६चा, आजच्या दिंडिगल जिल्ह्यातल्या अय्यनकोट्टै गावच्या भूमिहीन दलित कुटुंबातला, बारा भावंडं. समाजसेविका सौंदरम रामचंद्रन यांच्या आधारानं त्या शिकल्या, मदुराईला पदवीधर झाल्या. देश स्वतंत्र झाल्याशिवाय लग्न करायचं नाही असं जगन्नाथन यांचं ठरलेलं. १९५०मध्ये दोघांनी लग्न केलं. जात आड आली नाही, म्हणजे त्यांनी येऊ दिली नाही. १८ एप्रिल १९५१ला पोचमपल्लीत विनोबांना पहिलं भूदान मिळालं आणि पदयात्रा सुरू झाली. जगन्नाथन उत्तरेत विनोबांबरोबर चालले, तोवर कृष्णम्माळ यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण पूर्ण केलं. नंतर जगन्नाथन यांनी तमिळनाडूत भूदानाचं काम उभं केलं, काही काळ ते सर्व सेवा संघाचे अध्यक्षही होते. तिकडे सगळे त्यांना अप्पा आणि अम्मा म्हणत. पुढे मीही कुठे कुठे तसंच लिहिणार आहे.

भूदानात देशभर जवळपास ४२ लाख एकरांची दानपत्रं झाली. त्यातली किती जमीन खडक निघाली, किती वादात अडकली आणि किती वाटलीच गेली नाही, ती रडकथा या स्मरणिकेच्या वाचकांना ठाऊक आहे. पण त्याच पदयात्रेतला एक प्रसंग फारसा कुणी आठवत नाही, आणि आपल्यासारख्या समित्यांच्या माणसांनी तर तो मुद्दाम आठवायला हवा. १९५६-५७मध्ये विनोबा तमिळनाडूत चालत होते. १९५६च्या नोव्हेंबरात पळनीला सर्व सेवा संघाची बैठक झाली आणि तिथे दोन गोष्टी ठरल्या. गांधी स्मारक निधीतून भूदानासाठी पैसा घेणं बंद, आणि वर्षाअखेर देशभरातल्या भूदान समित्या विसर्जित. निधिमुक्ती आणि तंत्रमुक्ती. चळवळ पगारावर आणि अध्यक्ष-चिटणीसांवर चालू लागली की ती लोकांची राहत नाही, असा त्यामागचा विचार.

मी बावीस वर्षं एका लहानशा नोंदणीकृत संस्थेचा चिटणीस होतो. इतिवृत्त लिहायचं, सूचक-अनुमोदकांच्या सह्या गोळा करायच्या, कोरम भरावा म्हणून एकेका सभासदाला स्कूटरवरून घरून उचलून आणायचं, आणि कार्यकारिणी बदलली की धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज घेऊन चकरा मारायच्या. पळनीचा निर्णय पहिल्यांदा वाचला तेव्हा मला विनोबांचा हेवा वाटला होता. आता तसं वाटत नाही. समित्या बरखास्त झाल्यावर बऱ्याच जिल्ह्यांत दानपत्रांच्या पेट्या सांभाळायला, तलाठ्याच्या मागे लागायला, वर्षभरानंतर जाऊन ‘जमीन कसतोयस ना रे?’ एवढं विचारायलाही माणूस उरला नाही. सर्वस्व देणारी माणसं पुष्कळ निघाली. फाइल सांभाळणारी निघाली नाहीत.

अप्पांना हे कधी उमगलं ते मी सांगू शकत नाही, पण त्यांनी पुढे काय केलं ते दिसतं. भूदानातल्या पडीक जमिनी लागवडीखाली आणण्यासाठी १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी जोव्हान्नी एर्मिल्या या इटालियन मित्राच्या मदतीनं सर्व सेवा फार्म्सचं, म्हणजे आजच्या ‘असेफा’चं, काम सुरू केलं. नंतर ते जयप्रकाशांबरोबर बिहारमध्ये होते, आणीबाणीत तुरुंगात गेले. आणि १९८१मध्ये ‘लाफ्टी’. नाव इंग्रजी आद्याक्षरांचं. अर्थ ‘कसणाऱ्यांच्या मुक्तीसाठी जमीन’. विनोबांच्या शिष्यांनी पुन्हा नोंदणी केली, पुन्हा कार्यकारिणी नेमली, आणि आश्रमाला विनोबांचंच नाव दिलं. यात मला विसंगती दिसत नाही. दान मागायचं तर माणूस पुरतो. जमीन विकत घ्यायची तर बँक लागते, आणि बँक कुणाच्या तपश्चर्येवर कर्ज देत नाही. तिला ठराव लागतो, शिक्का लागतो, कर्ज थकलं तर ज्याला नोटीस पाठवायची तो माणूस लागतो.

कामाची रीत अशी. जमीनदाराची मुलं शहरात गेलेली, मजूर पूर्वीसारखे वाकत नाहीत, कायद्याची धास्ती आहे. तो विकायला तयार असतो, पण ज्यांना विकायची त्यांच्याकडे पैसा नसतो. संस्थेनं दोघांना एका चटईवर बसवायचं, रास्त भाव ठरवायचा, बँकेचं कर्ज उभं करायचं, आणि नव्या मालकांनी एकत्र कसून पिकातून हप्ते फेडायचे. सुरुवातीला बँका दारात उभं करत नव्हत्या आणि मुद्रांक शुल्क कंबर मोडत होतं. तरी २००७पर्यंत सुमारे १३,००० कुटुंबांना सुमारे १३,००० एकर जमीन मिळाली. कुटुंबामागे एकर. विदर्भातल्या कोरडवाहू एकरावर घर चालत नाही, पण डेल्टात पाणी असेल तर वर्षाला दोन भातं निघतात. पाणी असेल तर, आणि ते गोडं असेल तर.

खरेदीखतावर नाव घरातल्या बाईचं. हे अम्मांचं. पुरुषाच्या नावावरची जमीन दारूच्या दुकानापर्यंत किती दिवसांत पोचते याचा त्यांना अंदाज होता. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९९०च्या आसपास लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली तेव्हा महाराष्ट्रातही बायकांची नावं सातबाऱ्यावर चढली. पण तिथे जमीन मुळात घरात होती, नाव तेवढं चढवायचं होतं. पुरंदरात विलासराव साळुंख्यांच्या पाणी पंचायतीनं भूमिहीनालाही पाण्यात वाटा दिला; तिथे जमिनीला हात लावायचा नव्हता. कूत्तूरला जमीनही बाहेरून आणायची होती आणि नावही. जमिनीचा व्यवहार करणाऱ्या संस्थांची एक जुनी खोड मी जवळून पाहिली आहे. ‘तूर्त संस्थेच्या नावावर राहू दे, नंतर बघू’ असं कुणीतरी सुचवतं, दुसरा अनुमोदन देतो, आणि वीस वर्षांनी त्या जागेवर विश्वस्तांच्या नातवांचं मंगल कार्यालय उभं राहतं. इथे जमीन बाईच्या नावावर गेली आणि विश्वस्तांच्या वाट्याला राहिला तो हप्त्यांचा घोर.

शेतात काम नसलेल्या महिन्यांसाठी चटई विणणं, शिवण, सुतारकाम, गवंडीकाम असे वर्गही चालत. त्यावर इथे थांबत नाही.

१९९२च्या सुमारास किनाऱ्यावर कोळंबी आली. म्हणजे कंपन्या आल्या. चेन्नई, कोलकाता, दिल्ली, हैदराबाद, आणि हो, मुंबईच्याही. जपान-अमेरिकेत वाघ्या कोळंबीला मागणी होती, सरकारला परकीय चलन हवं होतं, आणि टेलच्या शेतकऱ्याच्या जमिनीला पहिल्यांदाच कुणी रोख भाव सांगत होतं. तोही का ऐकणार नाही? कर्नाटकातून पाणी कमी येत होतं, आलं तर उशिरा येत होतं. शेत विकलं की खोदून तळी करायची, पंपानं समुद्राचं पाणी आणायचं, ते हवं तेवढं खारं राहावं म्हणून बोअरचं गोडं पाणी उपसून त्यात मिसळायचं, खाद्य आणि औषधं टाकायची, आणि माल निघाला की घाण पाणी जवळच्या पाटात सोडून द्यायचं. पेण-अलिबागकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. खारबंदिस्तीचा बांध फुटून भरतीचं पाणी शेतात शिरलं की पुढची किती वर्षं भात धड होत नाही, हे त्याच्या आजोबांनी भोगलेलं असतं. फरक इतकाच, की तिथे बांध फुटू नये म्हणून गाव रात्री उठतं, आणि इथे समुद्र पंपानं, परवाना काढून, आत आणला जात होता.

वाळूखालचं गोडं पाणी वरून उपसलं की खालून खारं सरकतं. आधी विहिरी मचूळ झाल्या, मग लगतच्या भाताची पानं टोकाकडून करपू लागली. भातशेतीत लावणीपासून मळणीपर्यंत बायकांना काम असतं. तळ्याला एक रखवालदार आणि दोन-तीन गडी पुरतात. आणि काही वर्षांत रोग येतो, तळं ओस पडतं, कंपनी पुढच्या गावात जाते. १९९४-९५मध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला तेव्हा नेमकं हेच झालं. मागे राहतं ते ना शेत, ना मिठागर.

लाफ्टीच्या बायकांचे हप्ते अजून फिटायचे होते, आणि शेजारी कोळंबीची तळी.

कुठल्याही संस्थेच्या घटनेत उद्देशांची यादी असते. ‘भूमिहीनांना जमीन मिळवून देणे’ हा उद्देश कोळंबीविरुद्धच्या लढ्याला लागू पडतो का, यावर मी पाहिलेल्या बऱ्याच कार्यकारिणींनी तीन बैठका घातल्या असत्या आणि चौथीत उपसमिती नेमली असती. इथे ऐंशीच्या उंबऱ्यावरचे अप्पा गावकऱ्यांना घेऊन किनाऱ्यावर जाऊन बसले. पदयात्रा झाल्या, उपोषणं झाली, यंत्रांसमोर माणसं आडवी झाली, अटका झाल्या. याच किनाऱ्यावर, वेदारण्यमला, १९३०च्या एप्रिलअखेर राजाजींनी तिरुच्चीहून चालत येऊन मीठ उचललं होतं. साठ-बासष्ट वर्षांनी त्याच मिठाला शेतात येण्यापासून अडवायला सत्याग्रही बसले होते.

आणि अप्पांनी आणखी एक काम केलं, जे फोटोत दिसत नाही. त्यांनी अर्जावर नाव घातलं. ग्राम स्वराज्य चळवळ या स्वयंसेवी संघटनेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी १९९४मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. वकील होते एम. सी. मेहता. बिनपगारी अध्यक्षाचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देईन. जिची जमीन खारावली ती बाई दिल्लीला जाऊ शकत नाही, गावात राहून कंपनीशी उघड वैर धरू शकत नाही. कुणीतरी असा लागतो ज्याच्याकडून घेण्यासारखं काही नाही, आणि तरी ज्याचं नाव कोर्टाच्या कागदावर वजनदार दिसेल.

पुढचा भाग नागपूरकरांना आवडेल. न्यायालयानं पाहणीचं काम नागपूरच्या ‘नीरी’ला, राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेला दिलं. नीरीची माणसं १९९५मध्ये आंध्र आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर फिरली आणि तळ्यांच्या उत्पन्नासमोर त्यांनी बुडालेल्या भाताचा, गेलेल्या मजुरीचा, पिण्याच्या पाण्याचा हिशोब मांडला. हिशोब तोट्याचा निघाला; निर्यातीतून जेवढं मिळत होतं त्यापेक्षा किनाऱ्याचं नुकसान मोठं होतं. ११ डिसेंबर १९९६ला न्या. कुलदीप सिंग आणि न्या. सगीर अहमद यांनी निकाल दिला. १९९१च्या किनारा नियमन अधिसूचनेच्या हद्दीत, म्हणजे भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत, कोळंबीची तळी नकोत. पारंपरिक पद्धतीची सोडून असलेली ३१ मार्च १९९७पर्यंत पाडा. चिल्का आणि पुलिकत सरोवरांभोवती १००० मीटरपर्यंत बंदी. भातशेती, मिठागरं, खारफुटी, गावकीची जमीन यांची तळी करायची नाहीत. कामावरून कमी होणाऱ्या मजुरांना सहा वर्षांच्या मजुरीइतकी भरपाई. प्रदूषण करणाऱ्यानं नुकसान भरावं, हे तत्त्व सांगणाऱ्या भारतीय निकालांत तो आजही उद्धृत होतो.

तळी मात्र फारशी पाडली गेली नाहीत. फेरविचार याचिका आल्या, स्थगिती आली, संसदेत एक विधेयक आलं आणि बारगळलं. शेवटी २००५मध्ये किनारी मत्स्यसंवर्धन प्राधिकरणाचा कायदा झाला. त्यानं १९९१च्या अधिसूचनेतली अडचण मागील तारखेपासून दूर केली आणि तळ्यांना नोंदणी देण्यासाठी प्राधिकरण नेमलं. २००९नंतर वाघ्या कोळंबीची जागा व्हॅनामी या परदेशी जातीनं घेतली आणि धंदा पुन्हा वाढला. स्मरणिकेत सहसा निकालापाशी थांबतात. मला ते बरोबर वाटत नाही. कोर्टात जिंकणं म्हणजे शेत वाचणं नव्हे; निकालानंतरच्या नऊ वर्षांत तळी कायद्यात बसवून घेतली गेली. तरी १९९५च्या मे महिन्यात कोर्टानं शेतजमिनीची नवी तळी करायला जी मनाई केली तिच्यामुळे त्या हंगामात जी शेतं वाचली ती वाचली.

डेल्टात नाव घालण्याचं काम एकट्या अप्पांनी केलं असं नाही. १९८३मध्ये तंजावरकडच्या कावेरीच्या शेतकऱ्यांच्या एका संघानं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. ४ मे १९९०ला कोर्टानं केंद्राला लवाद नेमायला सांगितलं आणि २ जूनला कावेरी लवाद नेमला गेला. पुढचे २००७चे आणि २०१८चे निवाडे, टीएमसींचे आकडे, प्राधिकरण, हे सगळं वर्तमानपत्रांत आलं. त्या पहिल्या अर्जावर सह्या करणारे लोक भात लावणारे आणि संघाचे मानद पदाधिकारी होते, हे त्यांत फारसं आलं नाही. त्याच्याही आधी या मुलखात ‘कुडिमरामत्तु’ची रीत होती, कुडी म्हणजे रयत, आणि मरामत्तु म्हणजे आपलीच मरम्मत. उन्हाळ्यात गावानं मिळून पाटांचा गाळ काढायचा. १८५८च्या मद्रासच्या कायद्यानं या श्रमदानाला सक्तीचं रूप दिलं, आणि सक्ती झाल्यावर ती रीत क्षीण होत गेली. २०१७मध्ये राज्य सरकारनं तेच नाव घेऊन गाळ काढण्याची योजना पुन्हा आणली, निविदांसकट.

२६ डिसेंबर २००४. त्सुनामीत एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसं गेली. संस्थेची माणसं मदतीला गेली, हे वेगळं सांगायला नको. पण या लेखापुरती एक गोष्ट नोंदवतो. त्या सकाळी शेतांत शिरलेलं खारं पाणी एका दिवसाचं होतं. शेतकऱ्यांनी चर काढले, हिरवळीचं खत गाडलं, पाऊस पडला, आणि बऱ्याच शेतांत दोन-एक पावसाळ्यांनी भात पुन्हा उभं राहिलं. तळ्याखाली वर्षानुवर्षं मुरलेलं मीठ तसं धुऊन निघत नाही. १६ नोव्हेंबर २०१८ला गाजा चक्रीवादळ वेदारण्यमजवळ धडकलं आणि याच पट्ट्यातली माडांच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या, तेव्हा त्र्याण्णवाव्या वर्षात असलेल्या अम्मा पुन्हा पडक्या घरांबद्दल बोलत होत्या. झोपड्यांच्या जागी विटांची घरं व्हावीत, हा त्यांचा जुना ध्यास. कीळवेण्मणीत जे जळलं ते गवताचं छप्पर होतं.

पुरस्कारांचा रकाना : अम्मांना १९८८ जमनालाल बजाज पुरस्कार, १९८९ पद्मश्री, २००८ राइट लाइव्हलीहूड पुरस्कार (दोघांना मिळून), २०२० पद्मभूषण. अप्पा १२ फेब्रुवारी २०१३ला गेले. स्थापनेच्या रकान्यात मी १९८१ लिहिलं आहे. पदाधिकाऱ्यांचा रकाना मात्र मुद्दाम कोरा ठेवतो. कार्यकारिणीतली बाकीची माणसं आपल्या गावात राहून काम करणारी आहेत, आपलं नाव परराज्यातल्या छापील पानावर यावं अशी त्यांनी कधी विनंती केलेली नाही; आणि तेरा हजार खरेदीखतांवरची नावं या रकान्यात मावणार नाहीत.

संपादकांना एक विनंती. टपालखर्च परवडत असेल तर स्मरणिकेची एक प्रत वरच्या पत्त्यावर पाठवा. मराठी वाचणारं तिथे कुणी असेल-नसेल. पत्ता तमिळमध्ये लिहून घ्या, फक्त विनोबांचं नाव देवनागरीतही असू द्या.